गच्चीची कडी

२ मार्च १९९७, रविवार. गुडगाव.

पोचले एकदाची. धौला कुआँहून बस, पुढे सायकलरिक्षा. रिक्षावाला तीनदा चुकला, कारण इथले रस्ते नवे आणि घरं अर्धवट. मी त्याला विचारलं, भैया, इथलाच ना तू? तर म्हणाला, माताजी, परसों तक तो यहाँ खेत था. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

हे घर मात्र पुरं झालेलं आहे. दोन मजले, पांढरी फरशी, गच्चीवर डिशची छत्री. मला तळमजल्यावर, ज्यांना सांभाळायचं त्या माईंच्या शेजारची खोली दिली आहे. खिडकीतून मोहरीचा उरलासुरला पिवळा तुकडा दिसतो. नळाला गरम पाणी येतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं राहिलो, तिथे बादली गॅसवर ठेवावी लागायची. हे गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून दोन वर्षं मी लोकांच्या घरी आजारी माणसं सांभाळते. इतकी चांगली जागा पहिल्यांदाच मिळाली.

ट्रंक उघडून आधी पुस्तकं मांडली. हे मंत्रालयात दफ्तरी होते, फायली लावायचे. ऑफिसच्या लायब्ररीतून रद्दीत निघालेली पुस्तकं घरी आणायचे आणि म्हणायचे, घे, सरकारनं तुझ्यासाठी पाठवलीत. चौथी शिकलेल्या बाईला त्या रद्दीनं वाचायला शिकवलं. ह्यांचं घड्याळ मी मनगटावर बांधते. सैल होतं, पण बांधते.

५ मार्च, बुधवार

माईंचं नाव अहिल्याबाई. वय एकाहत्तर. यजमान मुरलीधरराव केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते, आर. के. पुरममध्ये जन्म गेला, निवृत्तीनंतर इथे प्लॉट घेऊन घर बांधलं. गेल्या जूनमध्ये ते गेले. गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेले आणि ऊन लागलं. माईंचा विसराळूपणा आधीपासून होता, पण त्या दिवसापासून फार वाढला. डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणतात.

मुलगा हेरंब. चाळिशीतला, लग्न केलेलं नाही. जनरेटर विकायचा धंदा आहे. इथे दिवसाचे सात-आठ तास लाइट नसते, त्यामुळे धंदा जोरात आहे. गिऱ्हाइकांना दाखवायचे सेट घराच्या मागच्या बोळातच ठेवले आहेत. बोलायला गोड माणूस. मला पार्वतीमावशी म्हणतो. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. म्हणाला, मावशी, बिलकुल घरच्यासारखं राहा.

माई अंगानं घट्ट आहेत. दिवसातून दहा वेळा जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत जातात. दार लोखंडी, कडी आतून. कडीवर हात ठेवून उभ्या राहतात, पण सरकवत नाहीत. कशी सरकवायची ते विसरल्या असतील. हातात कायम एक स्टीलची वाटी. ती दारावर वाजवतात. तीनदा, मग थांबतात, मग पुन्हा तीनदा. बोळातला जनरेटर सुरू झाला की हटकून वर जातात.

डॉक्टरांनी मला एक वही ठेवायला सांगितली आहे. माईंना कधी किती आठवतं, काय केल्यानं बिघडतं, सगळं लिहायचं. माझी रोजनिशी तशीही असते. दोन्ही एकाच वहीत लिहीन.

१६ मार्च, रविवार

एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी शेजारच्या प्लॉटवर फरशी कापायचं मशीन चालतं आणि शिवाय जनरेटर, त्या दिवशी माई मला ओळखत नाहीत. चमचा उलटा धरतात. सगळं थांबलं की तासाभरात थोड्या परततात. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आवाजाचं अजून कुणी नीट तपासलेलं नाही, पण तुम्ही लिहा, तुमचं निरीक्षण चांगलं आहे.

मला वाटतं, आवाज ढकलून लावण्यातच डोक्याची सगळी ताकद जात असेल. आठवायला मग काय उरणार?

आज हेरंबनं वही मागितली. माझं अक्षर लागेना, तेव्हा म्हणाला, तुम्हीच वाचून दाखवा. मी वाचलं. डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, अरे वा मावशी, तुम्ही तर लेखिका आहात. आता दर रविवारी वाचायचं ठरलं. ह्यांच्यानंतर माझं लिहिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. उगाच कशाला लपवू, बरं वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

होळीला मजूर गावी गेले ते अजून आलेले नाहीत. हवा थंड, त्यामुळे लाइटही टिकून आहे. हेरंब कामासाठी चंडीगडला. सहा दिवस घरात चिमणीसुद्धा ऐकू येते.

आणि माई आल्या. आल्या असंच म्हणावं लागेल. सकाळी चहा घेताना मला विचारलं, तुमचं गाव कुठलं हो? यजमान काय करायचे? मी सांगितलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, घड्याळ पुरुषाचं घातलंय, तेव्हाच ओळखलं मी. मग गुळाच्या पोळीत तीळ भाजून घालायचे की कच्चे, यावर माझ्याशी भांडल्या. मुलगी क्षिप्रा पुण्याला कॉलेजात शिकवते, तिच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या.

दुपारी आपणहून म्हणाल्या, ह्यांना त्या आवाजाचा फार त्रास व्हायचा. त्या दिवशी हेरंबची गिऱ्हाइकं आली होती, मोठी पार्टी. ह्यांनी जाऊन सेट बंद केला, सगळ्यांसमोर. हेरंबनं हाताला धरून वर नेलं. म्हणाला, शांतता पाहिजे ना तुम्हाला, बसा तासभर. कडी लावली. सेट सुरू केला.

मी विचारलं, मग?

त्या वाटीकडे बघत बसल्या. म्हणाल्या, दार वाजत होतं.

३० मार्च, रविवार

आज मी हेरंबला वही वाचून दाखवली. गुरुवारचा शेवटचा भाग वगळला, तेवढी अक्कल होती. पण शांततेत माई कशा परतल्या, काय काय बोलल्या, ते सगळं आनंदानं वाचलं. मला वाटलं, मुलगा आहे, म्हातारा बाप रागाच्या भरात तासभर वर राहिला आणि नशिबानं गेला, मनात कुढत असेल. आई सुधारतेय हे ऐकून बरं वाटेल.

त्यानं शांततेचा भाग दोनदा वाचायला लावला. विचारलं, सहा दिवस लागले? आणि आवाज सुरू झाल्यावर किती वेळात जातं? मी हिशेब करून सांगितलं. माझ्याच तोंडानं सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार

नवा सेट आला. ट्रकभर मोठा. बोळात जागा नव्हती म्हणून माईंच्या खिडकीखाली बसवला. हेरंब म्हणाला, गरमी येतेय, आईला एसी लागेल. एसी बसवला नाही.

२० एप्रिल, रविवार

लाइट असतानाही सेट चालू असतो. सकाळी आठ ते रात्री झोपेपर्यंत. विचारलं तर म्हणाला, टेस्टिंग. काचेच्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरतं. माई दोन्ही हात कानांवर दाबून बसतात, मग हात कशासाठी दाबलेत ते विसरतात आणि काढतात, मग पुन्हा दाबतात. क्षिप्रा हे नाव मी दिवसातून शंभरदा सांगते. काल विचारलं, क्षिप्रा कोण? म्हणाल्या, नदी.

आजपासून वह्या दोन. एक रविवारची. ही दुसरी, ट्रंकेत, पुस्तकांच्या खाली.

२७ एप्रिल, रविवार

आज रविवारच्या वहीत खोटं लिहून वाचलं. लिहिलं की सेटच्या एकसारख्या आवाजानं माई शांत होतात आणि जुनं भराभर आठवतं, गच्चीबद्दलही बोलू लागल्यात.

देवा, तसं नसू दे, असं म्हणत वाचत होते. तो हसला आणि म्हणाला, कमाल है.

२९ एप्रिल, मंगळवार

कालपासून सेट बंद.

म्हणजे ते खरं आहे. त्याला आईचं आठवणंच नकोय.

३० एप्रिल, बुधवार

तिसऱ्या दिवशी सकाळी माईंनी मला नावानं हाक मारली. मी स्वयंपाकघरात होते, कढई हातातून सुटली. धावत गेले तर हेरंब त्यांच्या पलंगावर बसलेला. केसांतून हात फिरवत लाडानं विचारत होता, आई, बाबा कुठे आहेत गं?

त्या म्हणाल्या, वर आहेत. तू कडी लावलीस ना.

तो उठला. माझ्याकडे बघून म्हणाला, मावशी, तुम्ही फार हुशार आहात. यार, मीच गधा.

अकराच्या आत दोन्ही सेट सुरू झाले.

११ मे, रविवार

वाचन बंद झालं आहे. घरच्या फोनला कुलूप. आज भाजीच्या निमित्तानं मार्केटमधल्या एसटीडीवरून क्षिप्राताईंना पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दादानं आधीच सांगितलंय, नवी बाई फार वाचते आणि मनचं रचते. माझा माझ्या भावावर विश्वास आहे असं मी म्हणत नाही. पण बाबांबद्दल असलं काही मी परक्या बाईच्या तोंडून ऐकून घेणार नाही. चौदा जूनला वर्षश्राद्धाला येतेय. आईला विचारीन. आईनं सांगितलं तरच.

मी विचारलं, लवकर नाही का येता येणार? त्या म्हणाल्या, पेपर तपासायचेत.

चौतीस दिवस. तेवढे दिवस माईंच्या डोक्यातली ती एक दुपार जपायची. बाकी सगळं जाऊ दे. गुळाची पोळी जाऊ दे.

१९ मे

कापूस तेलात बुडवून त्यांच्या कानांत घालते. हेरंब येऊन काढतो. म्हणतो, इन्फेक्शन होईल. रोज सकाळी रिक्षातून शेताकडे नेत होते, तिथे तासभर बऱ्या असायच्या. आजपासून फाटकाला कुलूप.

बाथरूमचं दार लावून दोघी आत बसतो. तिथे थोडं कमी आहे. मी पुन्हा पुन्हा विचारते, त्या दुपारी काय झालं? त्या म्हणतात, दार वाजत होतं. मी विचारते, तुम्ही कुठे होतात? त्या तोंडावर पदर घेतात.

२६ मे

दोन ओळी लिहिल्या आणि कशाबद्दल ते सुटलं. वरच्या ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या.

२ जून

आज ह्यांचा आवाज आठवून बघितला. मला पार्वती म्हणायचे तो. चेहरा आला, ओठ हलले, आवाज आला नाही. नुसती घरघर. दुपारभर ट्रंकेपाशी बसून प्रयत्न केला.

अंबादास. नाव लिहून ठेवते. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, पण लिहून ठेवते.

७ जून

माई वर जातात, वाटी वाजवतात. आता नुसत्या वाजवतात. डोळ्यांत काही नाही. आज मी त्यांच्या मागे उभी राहून कडीला हात लावला, तर माझा हात फटकन झटकला. इतका जोर — मला वाटलं, भीती असेल.

१३ जून, शुक्रवार

क्षिप्राताई आल्या. माईंनी उठून नमस्कार केला. म्हणाल्या, या ताई, बसा, चहा घेणार?

क्षिप्राताईंनी त्यांचे हात धरले. आई, मी गं. आई, बाबांना काय झालं होतं? सेटचा आवाज इतका की ओरडून विचारावं लागत होतं. माई गोड हसल्या. हेरंबकडे बोट दाखवून म्हणाल्या, ह्यांना विचारा, हे फार चांगले आहेत.

क्षिप्राताई रडल्या. मग माझ्याकडे अशा बघितल्या की — मी चोर असते तरी बरं.

मी खोलीत येऊन ठरवलं. उद्या पानं उठली की ही वही त्यांच्या हातात देईन. तारखांसकट. माईंच्या तोंडचं आहे, मी वेळच्या वेळी लिहिलेलं.

१४ जून, शनिवार. गच्ची. दुपारी बारा चाळीस.

पेन्सिल पिशवीत होती. लिहिते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

पहाडगंजहून गुरुजी आले होते. पिंड झाले. कावळ्याचं पान हेरंबनं गच्चीत ठेवलं. कावळा येईना. ह्या वस्तीत झाडच नाही, कावळा कुठला? गुरुजी घाईत, दुसरीकडे जायचं होतं त्यांना. म्हणाले, कुणीतरी वर बसा, शिवला की हाक मारा. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवणार नाही. हेरंब म्हणाला, मावशी, तुम्ही बसता? तुमचं निरीक्षण चांगलं आहे. मी नाही कसं म्हणणार, मेलेल्या माणसाचं काम.

वही पिशवीत घालून जिना चढले. तो मागोमाग दारापर्यंत आला. म्हणाला, ती दुसरी वही घेतलीत ना बरोबर? छान. वाचायला वेळ मिळेल.

मी वळले तोवर कडी लागली होती.

एक पाच

दोन्ही सेट सुरू. दार वाजवून हाताची चामडी सोलली. फरशीवर पाय टेकवत नाही. दारावरच्या छज्ज्याची हातभर सावली आहे, तिथे उभी. टाकीच्या झाकणाला कुलूप.

समोरच्या प्लॉटवर दोन मजूर. पदर हलवला, ओरडले. त्यांच्या हातात फरशीचं मशीन. एकानं मान वर करून बघितलं. हात हलवला. हसला. मीही — किती वेळ हलवत होते हात.

एक पन्नास

खालून पंगतीचा वास येतोय. कढी. म्हणजे कावळा शिवला असं त्यानं सांगितलं.

अडीच

कावळ्याच्या पानावरचं पाणी प्यायले. मग भात खाल्ला. पिंडाला मीच शिवले. मुरलीधरराव, माफ करा. तुमची काय इच्छा राहिली होती ते मला माहीत आहे.

दाराच्या आतल्या — नाही, बाहेरच्या. माझ्या बाजूच्या. खालच्या पत्र्यावर पोचे आहेत. तीन. जवळजवळ. कशानं तरी ठोकल्याचे. मी दगड घेऊन तिथेच ठोकते. तीनदा, मग थांबते.

तीन चाळीस

गाडी निघाली. कठड्यावरून बघितलं. क्षिप्राताई मागे, सामान मांडीवर. संध्याकाळची गाडी आहे ना त्यांची. हेरंब चालवतोय. मी ओरडले. माझंच मला ऐकू आलं नाही.

त्यांनी वर बघितलं नाही. का बघतील? मी निघून गेले, असं सांगितलं असेल. न सांगता. असल्या बायका जातातच.

सव्वाचार

अंबादास अंबादास अंबादास

घड्याळाचा पट्टा तापलाय. काढणार नाही.

चार पन्नास

सेट थांबला.

दुसराही. डिझेल संपलं असेल. समोरचं मशीनही थांबलंय, सुट्टी झाली. असा — कान दुखतोय इतका शांत. चिमणी. खरंच चिमणी.

आता तासभर. माईंना तासभर लागतो. देवा, तासभर असंच राहू दे.

पाच पस्तीस

मी ठोकतेय. तीनदा. जीभ सुजलीय, हाक निघत नाही.

खालून वाटी. तीनदा.

पुन्हा ठोकलं. पुन्हा वाटी. जवळून.

पाच चाळीस

पावलं. चप्पल घासत. जिन्यावर. माई आल्या.

दारापलीकडे श्वास ऐकू येतो. मी म्हटलं, माई, कडी. डावीकडे सरकवा. हात ठेवा. हात ठेवलाय त्यांनी, लोखंड वाजलं — सरकवा, माई —

त्या बोलल्या. मार्चसारखं. स्वच्छ.

अहो, म्हणाल्या, ओरडू नका ना. खाली हेरंबची माणसं आहेत. तासभरच म्हणालाय तो. मला सांगून गेलाय, आई, उघडायचं नाही.

मी म्हटलं, मी पार्वती. मी पार्वती, माई.

त्या म्हणाल्या, मी आहे ना इथे. मी कुठे जात नाही. दाराशीच बसते. तुम्ही वाजवा, मी वाजवते, म्हणजे कळेल मी आहे.

बसल्या. दाराला पाठ लावून. वाटी वाजतेय. रडतायत. सगळं आठवलंय त्यांना. सगळं. मीच — मला वाटायचं आठवलं की —

फाटक. गाडी आत आली.

जिन्यावर तो. माई त्याला सांगतायत. आवाज लहान मुलीसारखा. मी उघडलं नाही रे बाळा, तू म्हणालास तसं, मी ह्या वेळीही उघड